दुसरी रेघ

मधुकर फिरके यांना कडं मिळालं तेव्हा सगळ्यात जास्त आनंद त्यांच्या बायकोला झाला. तीन वर्षं कुमुद त्यांच्याबरोबर आठवड्यातून तीनदा सावद्याहून जळगावला जात होती. डायलिसिसच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून ती गिऱ्हाइकांच्या ब्लाउजांना हुक लावायची आणि पिळून काढलेल्या फडक्यासारखा झालेला नवरा हाताला धरून घरी आणायची. आता ते संपलं होतं. कमरेला बांधायचा एक पट्टा, छातीतून त्याच्याकडे जाणारी एक बारीक नळी आणि मनगटात एक कडं. पट्टा घरबसल्या रक्त गाळत राहणार होता आणि कडं पहारा ठेवणार होतं.

"पहारा कसला?" कुमुदनं विचारलं.

डॉक्टर शबनम तडवी मूळच्या यावलच्या. समजावून सांगायची त्यांना हौस होती. त्यांनी कागदावर एक गोल काढला.

"ही शरीरातली एक पेशी. आपल्या अंगातलं जवळजवळ सगळं पोटॅशियम अशा पेशींच्या आत असतं. बाहेर, रक्तात, अगदी थोडं. आत जास्त आणि बाहेर कमी, या फरकामुळेच पेशीत वीज साठते. त्या विजेवर स्नायू हलतात, आतडी हलतात, हृदय चालतं. रक्तातलं पोटॅशियम साडेतीन ते पाच यांच्यामध्ये राहिलं पाहिजे, रस्ता इतका अरुंद आहे. जास्तीचं बाहेर टाकायचं काम मूत्रपिंडाचं. काकांची मूत्रपिंडं आता ते करत नाहीत. त्यामुळे पोटॅशियम साठत जातं. दुखत नाही, खुपत नाही, आणि एक दिवस हृदय थांबतं."

"आणि कमी झालं तर?"

"तरी तेच होतं, काकू. स्नायू गळतात, ठोके चुकतात, हृदय थांबतं. पण काकांना ती भीती नाही. काकांना भीती फक्त जास्त होण्याची."

कडं काय करतं तेही त्यांनी सांगितलं. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याची वीज कातडीपर्यंत येते. त्या विजेच्या आलेखात ठोक्यानंतर एक उंचवटा असतो. पोटॅशियम वाढलं की तो तंबूसारखा टोकदार होतो. घटलं की चपटा पडतो आणि त्याच्यामागून आणखी एक छोटा उंचवटा डोकं वर काढतो. कडं तो आकार वाचून पोटॅशियमचा आकडा सांगतं. रक्त काढायला नको, सुई नको.

मधुकररावांची सगळी नोकरी निंभोरा स्टेशनच्या मालधक्क्यावर गेली होती. मालगाडीच्या वाघिणी केळ्यांनी भरून दिल्लीला लावायच्या, हेच काम. घरी येताना कपड्यांना केळ्यांचा वास असायचा आणि पिशवीत एखादी फणी. पट्टा इस्पितळातल्या यंत्रापेक्षा सावकाश गाळायचा, म्हणून पथ्य आणखी कडक झालं. त्या घरातून आता केळं गेलं. मग शहाळं गेलं, टोमॅटो गेले, बटाटे, खजूर, गूळ, सगळ्या डाळी गेल्या. त्या वर्षी भुसावळजवळ काचघरं उभी राहिली होती. मातीशिवाय, पाण्यावर वाढवलेल्या भाज्या, मुळांना पोटॅशियम जेमतेम देऊन काढलेल्या. गावात त्यांना 'हलकी भाजी' म्हणायचे. दिसायला कोवळी, खायला पुठ्ठ्यासारखी. कुमुद तीही चिरून कोमट पाण्यात भिजत घालायची आणि ते पाणी ओतून द्यायची.

पहिल्या दिवशी मधुकरराव म्हणाले, "तू तुझ्यासाठी वेगळं कर. उडदाची डाळ कर, भरीत कर."

"एका घरात दोन चुली मांडू का?"

"अगं, पथ्य मला सांगितलंय."

"तुमच्यासमोर बसून मी वरणबट्टी खाऊ? माझ्या घशाखाली उतरणार नाही. आणि मला काय होतंय? मी धडधाकट आहे."

तो विषय तिथंच संपला. त्यांना बरंही वाटलं. एकट्यानं पुठ्ठा चावण्यापेक्षा समोर कुणीतरी चावत असलेलं बरं असतं.

कड्याचा आलेख भिंतीवरच्या छोट्या पडद्यावर दिसायचा. एक हिरवी रेघ, चारच्या आसपास रेंगाळणारी. ती पाचावर चढली की घंटा वाजायची आणि पट्टा जोरानं चालू लागायचा. कुमुद येता-जाता रेघेकडे बघायची. गॅसवर दूध असावं तसं लक्ष.

त्या उन्हाळ्यात ऊन सत्तेचाळीसच्या खाली उतरायलाच तयार नव्हतं. सकाळी दहाला गावातली दारं बंद व्हायची ती संध्याकाळी उघडायची. दुपारभर माणसं ओल्या पडद्यांआड पडून राहायची. कुमुद मधुकररावांच्या डाव्या बाजूला झोपायची आणि झोपताना हात त्यांच्या मनगटावर ठेवायची.

"गरम होतंय का?"

"नाही. राहू दे."

"झोपेत काही झालं तर मला कळायला पाहिजे," ती म्हणायची. यंत्रावर तिचा विश्वास होता, पण पुरता नव्हता.

त्याच दिवसांत पडद्यावर ती दुसरी रेघ उमटली. हिरव्या रेघेच्या बरीच खाली, फिकट, थरथरणारी. दुपारीच दिसायची, तासाभरानं नाहीशी व्हायची. मधुकररावांनी कंपनीला कळवलं. तेजस वारके नावाचा तंत्रज्ञ आला. त्यानं कडं काढून पाहिलं, पुसलं, पुन्हा बसवलं.

"काका, घाबरू नका. एका माणसाच्या रक्तात एकाच वेळी पोटॅशियमचे दोन आकडे असूच शकत नाहीत. म्हणजे यातला एक खोटा. आमच्या ऑफिसात याला भूत म्हणतात. बऱ्याच घरांत निघालंय."

स्वयंपाकघरातून कुमुद म्हणाली, "घरात भूत आहे हे आम्हाला आज सांगता होय?"

तेजस हसला. "काढून टाकतो काकू. सॉफ्टवेअरची नवीन आवृत्ती आली आहे. खोटी रेघ ती आपोआप गाळते. टाकू का, काका?"

"टाका," मधुकरराव म्हणाले. "उगीच जीव टांगणीला लागतो."

दुसऱ्या दिवसापासून पडद्यावर एकच रेघ राहिली.

कुमुदला काही होतंय हे कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण ते फार सावकाश होत होतं. कुकर ती आता दोन्ही हातांनी उचलायची. शिलाई मशीनचं पॅडल थोडं दाबलं की मांड्या भरून यायच्या. पोटऱ्यांत गोळे यायचे, ती उठून भिंतीला पाय टेकवून उभी राहायची. पोट साफ होत नव्हतं. तिला रक्तदाबाची गोळी होती, लघवी वाढवणारी, गेली कितीतरी वर्षं चालू असलेली. लघवीवाटे पोटॅशियमही जातं, घामातून आणखी थोडं जातं. जेवणातून ते भरून निघतं म्हणून कुणाला कळत नाही. तिच्या जेवणात भरून निघण्यासारखं काही उरलं नव्हतं.

नाशिकहून मुलगी फोन करायची. वृषालीनं एकदा विचारलं, "आई, आवाज असा काय येतोय? दमल्यासारखा."

"वय झालं आता. तुझ्या बाबांचं मात्र छान चाललंय. काल चार पूर्णांक दोन."

"मी तुझं विचारतेय."

"माझं काय? मधूनच छातीत कसंतरी होतं. जिना उतरताना शेवटची पायरी नसावी ना, तसं. मग पुन्हा नीट होतं."

"डॉक्टरांना दाखव."

"पुढच्या महिन्यात बाबांना दाखवायला जायचंच आहे. तेव्हा दाखवते."

मे महिन्यातल्या एका दुपारी मधुकरराव जागे झाले तेव्हा ती छताकडे बघत पडली होती.

"अहो, माझे पाय हलत नाहीत."

"मुंग्या आल्या असतील."

"मुंग्या नाहीत. पाय ऐकतच नाहीत. हातही जड झालेत." ती घाबरलेली नव्हती, नवल वाटल्यासारखी बोलत होती. "आणि छातीत ती पायरी... सारखी सारखी चुकतेय."

इस्पितळाची गाडी यायला वेळ लागला. उन्हामुळे सगळ्याच गाड्या कुठं ना कुठं गेल्या होत्या. मधुकरराव तिच्या हाताला धरून बसले. भिंतीवरची हिरवी रेघ शांत होती.

जळगावला इस्पितळात तिचं रक्त तपासलं. पोटॅशियम एक पूर्णांक नऊ. डॉक्टर तडवी धावत खाली आल्या. त्यांनी हृदयाचा आलेख पाहिला आणि क्षणभर त्यांचा चेहरा उतरला.

"काका, घरी काकू काय खातात?"

"मी खातो तेच."

"तेच म्हणजे? सगळं तेच?"

"तेच."

त्या नर्सकडे वळल्या. सलाईनमधून पोटॅशियम सुरू झालं. ते घाईनं देता येत नाही, थेंबाथेंबानंच द्यावं लागतं, कारण एकदम गेलं तर तेही हृदय थांबवतं. वरच्या मजल्यावर डायलिसिसच्या खोलीत दहा माणसांच्या रक्तातून यंत्रं पोटॅशियम उपसून गटारात सोडत होती. खाली कुमुदच्या नसेत ते थेंबाथेंबानं उतरत होतं.

संध्याकाळी तिला जरा बरं वाटलं. बोटं हलली.

"तुमच्या जेवणाचं काय झालं?" तिनं विचारलं.

"तू गप्प पड."

"ओट्यावर भाजी भिजत घातलीय. पाणी ओतून द्या. विसराल." मग थोड्या वेळानं, "अहो, मला सारखं भरीत दिसतंय. हिरव्या मिरचीचं. आणि कळण्याची भाकरी. हसू नका."

"घरी गेल्यावर करू. वृषाली येतेय, ती करेल."

"तुम्ही बाहेरच्या खोलीत बसा मग. मी पटकन खाऊन घेईन."

तिचं हृदय सूर्य मावळायच्या सुमारास थांबलं. डॉक्टरांनी, नर्सनी बराच वेळ खटपट केली. वृषालीची गाडी तेव्हा पारोळ्यापर्यंत पोचली होती.

दिवसकार्य झालं. वृषाली राहिली. माणसं येऊन म्हणून गेली, सवाष्ण गेली, नवऱ्याच्या आधी गेली, पुण्यवान बाई. मधुकरराव ऐकून घ्यायचे. पट्टा रक्त गाळत होता. पोटॅशियम चारच्या आसपास होतं. त्यांची तब्येत उत्तम होती, याची त्यांना भीती वाटू लागली.

एका दुपारी ते दचकून उठले. झोपेत कुणीतरी त्यांच्या मनगटावरचा हात काढून घेतला होता. त्यांनी डोळे उघडले. शेजारची गादी रिकामी. डावं मनगट उघडं पडल्यासारखं गार वाटत होतं आणि त्यांचाच उजवा हात तिथं गेला होता, कड्यावर, जिथं तिचा असायचा.

ते तसेच पडून राहिले. तिचा तळवा नेमका कड्यावर असायचा. कडं हृदयाची वीज वाचतं. कातडीपर्यंत आलेली वीज. पण कातडी कुणाची?

ते उठून बाहेर आले. "वृषाली, त्या तेजसला बोलाव. आत्ता."

तेजस दुसऱ्या दिवशी सकाळी आला. मधुकररावांचं ऐकताना तो आधी नकारार्थी मान हलवत होता, मग हलवायचा थांबला.

"तुझी गाळणी बंद कर," मधुकरराव म्हणाले. "आणि मग बघ."

तेजसनं गाळणी बंद केली. पडद्यावर हिरवी रेघ चालत होती, एकटीच.

"वृषाली, माझ्या मनगटावर हात ठेव. आई ठेवायची तसा."

वृषालीनं तळवा कड्यावर ठेवला. काही झालं नाही. मग हिरव्या रेघेच्या जवळच एक फिकट रेघ उमटली, थरथरली आणि स्थिर झाली. मधुकररावांच्या तोंडून "कुमुद" निघून गेलं. पण आकडा चार होता, निरोगी तरुण बाईचा.

तेजस खाली बसला. "तळव्यातून येतेय," तो हळू आवाजात म्हणाला. "दुसऱ्या माणसाची. काका, आम्हाला खरंच वाटलं..."

"जुनं सगळं आहे का? कुमुदचं?"

"गाळलेलं आम्ही फेकत नाही. फक्त दाखवत नाही."

"दाखव."

पडद्यावर मागच्या सगळ्या दुपारी एकामागून एक आल्या. फिकट रेघ आधी तीनच्या थोडी वर होती. मग तीन. मग त्याखाली. प्रत्येक दुपारी ती तासभर यायची, नवऱ्याच्या रेघेखाली मुकाट्यानं चालायची आणि निघून जायची. प्रत्येक दुपारी थोडी आणखी खाली. शेवटच्या दिवसांत ती इतकी फिकट होती की तेजसनं उजेड वाढवला. ठोक्यांचे उंचवटे चपटे झाले होते आणि प्रत्येकाच्या मागून दुसरा छोटा उंचवटा वर आला होता, डॉक्टरांनी सांगितलं होतं तसाच.

"थांबव तिथंच," मधुकरराव म्हणाले.

ते पडद्याजवळ गेले. काच गार होती. ज्या घरात तिची कुणी कधी नाडी धरली नव्हती, त्या घरात यंत्र तिला रोज बघत होतं. 'टाका' असं ते स्वतः म्हणाले होते.

वृषालीनं वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला. "बाबा, तुम्हाला कसं कळणार होतं?"

"माझं पथ्य तिला लागलं," ते म्हणाले.

मधुकररावांनी सगळं कंपनीला आणि डॉक्टरांना कळवलं. कंपनीनं उत्तर दिलं की प्रकरण तपासायला दिलं आहे, आणि तपास होईपर्यंत गाळणी चालूच राहील. डॉक्टर तडवी थांबल्या नाहीत. कडं घातलेल्या आपल्या प्रत्येक रोग्याच्या घरी त्यांनी फोन लावला. स्वयंपाक कोण करतं, ती व्यक्ती काय खाते, रक्त तपासायला या. बऱ्याच घरांतून बायका आल्या, एका घरातून म्हातारे वडील आले. काहींचं पोटॅशियम खरोखरच खाली गेलेलं निघालं.

"इतकी वर्षं मी काकूंना फक्त तुमचंच विचारलं," त्या मधुकररावांना म्हणाल्या. "त्या समोरच्या खुर्चीवर बसलेल्या असायच्या."

फैजपूरच्या एका घरचं मात्र जमत नव्हतं. रामदास भारंबे म्हणून रोगी होते, त्यांच्या बायकोचं, सिंधूबाईंचं, पोटॅशियम दोन पूर्णांक सहा आलं होतं. इस्पितळात राहायला त्यांनी नकार दिला. औषध दिलं ते घेत होत्या की नाही, कळत नव्हतं. नर्सनं सांगितलेलं जेवण तर घेतच नव्हत्या.

"मी जातो," मधुकरराव म्हणाले.

दार उघडायला सिंधूबाईंना बराच वेळ लागला. त्या चौकटीला धरून उभ्या होत्या. पाण्याचा तांब्या त्यांनी दोन्ही हातांनी आणला, आणि तो बघून मधुकररावांना खाली बघावं लागलं. आत खाटेवर रामदास बसले होते. कमरेला पट्टा, मनगटात कडं. भिंतीवर एकच हिरवी रेघ.

"वहिनी, डॉक्टरांनी सांगितलेलं तुम्ही खात नाही म्हणे."

"खाते की. हे खातात ते खाते."

"ते तुम्हाला पुरत नाही."

"भाऊ, तुम्हीच सांगा. हे समोर बसून पांढरा भात गिळणार, आणि मी भरीत-भाकरी खाऊ? पाप लागेल मला."

"औषध घेता का?"

"औषधानं मळमळतं," त्या म्हणाल्या. "आणि आजारी हे आहेत. आम्ही दोघंही औषध घेत बसलो तर घर कुणी चालवायचं?"

रामदास इतका वेळ ऐकत होते. "मला कुणी सांगितलंच नाही," ते म्हणाले. "हिचं रक्त तपासलं, मला म्हणाली सगळं नीट आहे."

मधुकररावांनी मग कुमुदचं सांगितलं. भाजीचं पाणी, कुकर, जिन्याची पायरी. फिकट रेघ आणि ती कशी काढून टाकली ते. शेवटी ती इस्पितळात भरीत मागत होती हेही सांगितलं. सांगताना त्यांचा आवाज कुठंच चढला नाही.

"ती म्हणाली होती, तुम्ही बाहेरच्या खोलीत बसा, मी पटकन खाऊन घेईन. तेवढं एक मी कधी केलं नव्हतं, वहिनी. उठून बाहेर जाऊन बसायचं."

रामदास हळूच खाटेवरून उतरले. दारापर्यंत गेले आणि शेजारच्या घराकडे तोंड करून त्यांनी हाक मारली. शेजारीण आली. थोड्या वेळानं ती ताट घेऊन परत आली. वांग्याचं भरीत होतं, उडदाची डाळ होती, भाकरी होती, कडेला केळं होतं. खमंग वास घरभर पसरला. गेल्या दोन वर्षांत त्या घरात असा वास आला नसावा.

सिंधूबाई ताटाकडे बघत बसल्या. मग नवऱ्याकडे बघितलं. हात पुढं आला नाही.

"मी बघतोय म्हणून होत नाही का?" रामदासांनी विचारलं.

सिंधूबाईंचे डोळे भरून आले.

रामदास खाटेवर बसले आणि वळले. पाठ तिच्याकडे, तोंड भिंतीकडे, गुडघे जवळजवळ भिंतीला टेकलेले. मधुकरराव उठले आणि त्यांच्या शेजारी जाऊन तसेच बसले. दोघांसमोर चुना उडालेली भिंत होती. दोघांची मनगटं मांडीवर होती.

बराच वेळ मागं काहीच आवाज झाला नाही.

मग भाकरी मोडल्याचा आवाज आला.

कुणी वळून पाहिलं नाही.